मुंबईचा पाणीपुरवठा आणि लोकसंख्यावाढ

वाढत्या वस्तीसाठी मुंबईने गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत टप्प्याटप्प्याने जोडून घेतलेले जलस्रोत व त्यांमुळे मूळ खोऱ्यांवर पडलेला ताण. मुंबई बेटावर बारमाही नदी नाही. १८६० पर्यंत वस्तीचा भार विहिरी व तलावांवर होता. धोबी तलाव, गोवालिया टँक, दोन टाकी ही स्थलनामे त्या काळची. विसाव्या शतकाच्या आरंभी हिवतापाच्या डासांना आळा घालण्यासाठी अनेक विहिरी बंद झाल्या किंवा बुजवल्या गेल्या. त्यामुळे हा स्थानिक स्रोत आपोआप आटला, असे म्हणणे अचूक होणार नाही. नळ आल्यावर त्याची निगा राखण्याचे कारण उरले नाही. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर (१७२५) हा ठळक अपवाद.

धरणे : हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेनुसार मिठी नदीवर विहार तलाव झाला (१८६०). त्यातून आरंभी दररोज सुमारे ३२ दशलक्ष लिटर पाणी मिळे. त्यापाठोपाठ तुळशी (१८७९). पवई तलावाचे पाणी पिण्यालायक न ठरल्याने ते इतर वापरासाठी राहिले. हे तिन्ही तलाव साष्टी बेटातले. तेथील धरणायोग्य जागा येथे संपल्या. पुढची झेप शहापूर तालुक्यात गेली. तानसा नदीवरील सुमारे पावणेतीन किमी. लांबीचा दगडी बांध १८९२ मध्ये पूर्ण झाला आणि पुढे १९४८ पर्यंत त्या योजनेची क्षमता टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. उताराच्या बळावर इतक्या दुरून पाणी शहरात आणणारी ही योजना अभियांत्रिकीच्या दृष्टीने आजही नमुनेदार मानावी लागेल.

फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले. बृहन्मुंबईच्या आजच्या हद्दीतील लोकसंख्या १९४१ मध्ये सुमारे १८ लाख होती, ती १९५१ मध्ये सुमारे ३० लाख झाली. या वाढत्या वस्तीसाठी वैतरणा नदीवरील पहिले धरण १९५७ मध्ये उभे राहिले. महापालिकेचे अभियंता एन. व्ही. मोडक यांच्यावरून त्याच्या जलाशयाला मोडकसागर म्हणतात. अप्पर वैतरणा (१९७३) नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात आहे. मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा २०१४ मध्ये पूर्ण झाले. १९८० च्या दशकापासून पाणी देणारे भातसा धरण आज शहराला सर्वाधिक पाणी पुरवते. हे पाणी नदीपात्रातून पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत येते व तेथून उपसून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात जाते. तानसाला न लागणारा विजेचा खर्च येथे कायमचा जोडला गेला. सातही जलाशयांचा एकत्रित उपयुक्त साठा सुमारे १४.४७ लाख दशलक्ष लिटर असून तो दरवर्षी पावसावरच भरतो.

लोकसंख्या व मागणी : १८६४ च्या गणनेत मुंबईत ८,१६,५६२ लोक होते. ही संख्या कापसाच्या तेजीने फुगलेली होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ वर आली. २०११ च्या जनगणनेत १,२४,४२,३७३. हे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत, कारण १९५० व १९५७ मध्ये शहराची हद्द उत्तरेकडे वाढली. तरीही ढोबळ हिशोब उद्बोधक आहे. लोकसंख्या सुमारे १५ पट झाली. नळाचे पाणी मात्र दररोज ३२ वरून सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर, म्हणजे १२० पट. विहारच्या काळात माणशी ४० लिटरही नळाचे पाणी येत नव्हते (विहिरींचे पाणी त्याहून वेगळे). आज उद्योग, गळती आणि वाटेतल्या ठाणे-भिवंडीला दिले जाणारे पाणी धरून तो आकडा ३०० च्या वर जातो. नद्यांवरील ताणाचा दोष केवळ वाढत्या माणसांवर टाकणारी मांडणी या आकड्यांपुढे टिकत नाही. दरडोई वाढलेला वापर व गळती यांचा वाटा मोठा आहे. तो नेमका किती, यावर मतभेद आहेत.

शहरातले वाटपही समान नाही. इमारतींसाठी माणशी १३५ लिटर व झोपडपट्ट्यांसाठी ४५ लिटर असा महापालिकेचा निकष दीर्घकाळ चालत आला. २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी देण्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निर्देश दिले. वस्तीही शहरभर सारखी वाढलेली नाही. बेट शहराची लोकसंख्या २००१ ते २०११ या काळात ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर घटली. वाढ उपनगरांत झाली.

खोऱ्यांवरील परिणाम : तानसा, मोडकसागर व भातसा हे तिन्ही जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील अनेक आदिवासी पाडे दरवर्षी उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असतात. जलवाहिन्या या पाड्यांजवळून जातात.



सांडपाणी : शहराचे बहुतेक सांडपाणी खाडीत व समुद्रात जाते.

प्रस्तावित योजना : गारगाई (दररोज ४४० दशलक्ष लिटर), पिंजाळ (८६५) व दमणगंगा-पिंजाळ नदीजोड (१,५८६). मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्पही महापालिकेने हाती घेतला आहे. गारगाई धरणाचे नियोजित बुडीत क्षेत्र तानसा अभयारण्याच्या जंगलात येते.