पाटलाविना गाव

ज्या गावाला पाटील नाही, चावडी नाही, तिथे कोण आजारी पडले, कोण गाव सोडून गेले, हे कळायचे कसे? शेजारी शेजाऱ्याची चौकशी करील, ही एकच वाट उरते. संगणकांच्या जाळ्यांचा इतिहास म्हणजे बहुतांशी या एका वाटेची कसोटी आहे.

अमेरिकेतील रँड संस्थेच्या पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये असे जाळे सुचवले, की ज्याला मध्यच नाही. म्हणजे मध्यावर घाव घालून ते मारता येणार नाही. १९६९ मध्ये आर्पानेट उभे राहिले, ते मुख्यतः दूरदूरचे संगणक सामाईक वापरता यावेत म्हणून. पण निरोपाची वाट कोणा एका केंद्राने ठरवायची नाही, हे तत्त्व त्यातही होते. वर्षअखेरीस त्याची ठाणी होती चार. प्रत्येक ठाण्यावर निरोप पुढे ढकलणारे एक यंत्र असे. ते थोड्याथोड्या वेळाने शेजारच्या यंत्राला हाक मारी. ओ आली तर वाट चालू; काही हाका फुकट गेल्या की वाट बंद धरायची आणि ही खबर इतरांना द्यायची. वर्गातल्या हजेरीसारखेच हे, फक्त हजेरी घेणारा गुरुजी नाही. बाकावरचा शेजारीच ती घेतो.

यंत्रे बनवणाऱ्या बीबीएन कंपनीत एक देखरेख कक्ष होता खरा. प्रत्येक यंत्र आपल्या प्रकृतीचा अहवाल तिकडे धाडी. टेलिफोन कंपनीला तिच्याच तारेतला बिघाड हा कक्ष दूरवरून कळवी. तथापि तो पाहत असे; वाटा ठरवत नसे.

शेजाऱ्याच्या शब्दावर सारा कारभार चालू लागला, की शब्द खोटा निघाल्यास काय, हा प्रश्न येतोच. सुरुवातीच्या वर्षांतच हार्वर्डच्या यंत्राची स्मृती बिघडली आणि ‘माझ्यापासून प्रत्येक ठिकाण शून्य अंतरावर आहे’ असे ते सांगू लागले. बाकीच्यांनी ते खरे मानले. ठिकठिकाणचे निरोप त्या यंत्राकडे धावले आणि तिथेच गडप झाले. यंत्र मेले असते तर कमी नुकसान झाले असते.

१९७९ मध्ये पद्धत सुधारली. प्रत्येक यंत्राने आपल्या वाटांची स्थिती सांगणारे क्रमांकित पत्रक काढायचे आणि ते हातोहात सर्वांपर्यंत पोचवायचे. जुने टाकून नवे ठेवायचे. क्रमांक ० ते ६३, मग पुन्हा ०. घड्याळात बाराच्या पुढे एक येतो, तो मागचा नसतो; तसेच इथे.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी क्रमांक ५० च्या यंत्राच्या नावाने तीन पत्रके एकाच वेळी फिरू लागली : ८, ४० आणि ४४. शेजारच्या २९ क्रमांकाच्या यंत्रात अंक गळत होते. द्विमान पद्धतीत ४४ चा एक अंक गळला की ४० होतो, आणखी एक गळला की ८. आता त्या घड्याळात ४० हा ८ च्या पुढचा, ४४ हा ४० च्या पुढचा आणि ८ पुन्हा ४४ च्या पुढचा! प्रत्येक पत्रक दुसऱ्याहून नवे ठरे, म्हणून कोणतेच टाकले जाईना. सारी यंत्रे ही तीनच पत्रके पुढेपुढे देत बसली आणि जाळे काही तास ठप्प झाले. प्रकृतीच्या खबरीनेच प्रकृती गेली. अखेर ५० क्रमांकाचे कोणतेही पत्रक घेऊ नये, अशी सूचना यंत्रायंत्रांत घालावी लागली.

एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये या घटनेची सविस्तर चिकित्सा प्रसिद्ध केली. १९८३ मध्ये रेडिया पर्लमन यांनी उपाय मांडला, त्याचा गाभा असा : खबरीला वय असावे, आणि वय संपले की ती आपोआप मरावी. आज इंटरनेटवर रूढ असलेल्या ओएसपीएफ पद्धतीत अशी नोंद ताजी केली नाही, तर तासाभरात बाद होते.

पुढे मार्च २००० मध्ये न्यूटेला आले. त्यात घरोघरचे संगणकच एकमेकांचे शेजारी. ‘आहेस का?’ ‘आहे’ ही हाक-ओ तिथेही होती आणि पहिल्या वर्षी या चौकशीनेच वाहतुकीचा मोठा भाग व्यापला. त्याच वर्षी एटान अदार आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनी बाहेरून निरीक्षण केले, तेव्हा सुमारे ७० टक्के सदस्य इतरांना काहीच देत नव्हते. जवळजवळ निम्मी उत्तरे वरच्या १ टक्क्याकडून येत. सारे ‘हजर’ होते. गाव मात्र मूठभरांच्या जिवावर चालले होते.

म्हणून पाटलाविना गाव चालते, हे इतिहासाने सिद्ध केले. पण फुकट चालत नाही, हेही. शेजाऱ्याचा शब्द ऐकावा, पडताळावा आणि शिळा झाला की सोडून द्यावा. आणि ‘मी आहे’ म्हणणारा काय करतो, हेही कोणीतरी पाहत राहावे. जिथे पाटील नाही, तिथे हे काम प्रत्येकाच्या वाट्याला येते.