प्रारंभिक सामाजिक संप्रेषण मापनी

प्रारंभिक सामाजिक संप्रेषण मापनी ही लहान मुलांच्या शब्दाविना होणाऱ्या संप्रेषणाचे मोजमाप करणारी निरीक्षण-पद्धत आहे. इंग्रजीत ती अर्ली सोशल कम्युनिकेशन स्केल्स किंवा संक्षेपाने ईएससीएस या नावाने ओळखली जाते. ८ ते ३० महिने वयाच्या मुलांसाठी, तसेच ज्यांचा भाषिक विकास या पातळीवर आहे अशा विकासात्मक विकार असलेल्या मोठ्या मुलांसाठी ती वापरतात.

पार्श्वभूमी

१९७५ मध्ये स्केफ आणि ब्रुनर यांनी, तान्ही मुले मोठ्यांच्या नजरेचा माग घेत त्याच दिशेला पाहतात, हे दाखवून दिले. त्याच वर्षी एलिझाबेथ बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलणे सुरू होण्यापूर्वीच्या हावभावांचे दोन हेतू वेगळे केले : वस्तू मागणे आणि वस्तूकडे दुसऱ्याचे लक्ष वेधणे. सायबर्ट, होगन व मंडी यांनी १९८२ मध्ये ही मापनी मांडली. मंडी व सहकाऱ्यांची संक्षिप्त आवृत्ती २००३ मध्ये आली.

कार्यपद्धती

मूल टेबलाशी, आवश्यक तर पालकाच्या मांडीवर, परीक्षकासमोर बसते. खेळणी त्याला दिसतील, पण हाताला लागणार नाहीत, अशी ठेवलेली असतात. परीक्षक चावीचे खेळणे चालवतो, झाकण घट्ट लावलेल्या बरणीत खेळणे घालून ती मुलाला देतो, चेंडू परस्परांकडे ढकलण्याचा खेळ खेळतो आणि मुलाला हाक मारून भिंतीवरील चित्रांकडे बोट दाखवतो. १५ ते २५ मिनिटांच्या या सत्राचे चित्रीकरण करून नंतर गुणांकन केले जाते.

वर्तनाचे तीन वर्ग आहेत :

१. संयुक्त अवधान – एखाद्या वस्तूविषयीचे कुतूहल दुसऱ्याबरोबर वाटून घेणे.
२. मागणी – वस्तू किंवा मदत मिळवण्यासाठी केलेले हावभाव.
३. सामाजिक देवघेव – पाळीपाळीने खेळणे, खेळाला प्रतिसाद देणे.

प्रत्येक वर्गात मुलाने स्वतः केलेली सुरुवात आणि दुसऱ्याला दिलेला प्रतिसाद यांची नोंद स्वतंत्रपणे होते. बरणी उघडून घेण्यासाठी ती परीक्षकाच्या हाती देणे ही मागणी होय. चालते खेळणे पाहता पाहता परीक्षकाच्या डोळ्यांकडे पाहणे हे संयुक्त अवधान होय.

महत्त्व

मूल बोलत नाही, एवढ्यावरून त्यामागील अडचण कळत नाही. मंडी, सिगमन व सहकाऱ्यांच्या १९८६ मधील अभ्यासात स्वमग्न मुलांचा वेगळेपणा मुख्यतः संयुक्त अवधानात दिसला. मागणीच्या वर्तनात तो तितका ठळक नव्हता. १९८८ मधील अभ्यासात डाउन सिंड्रोम असलेली मुले सामाजिक देवघेवीत पुढे, परंतु मागणीत मागे आढळली. म्हणजेच न बोलणाऱ्या दोन मुलांच्या गरजा भिन्न असू शकतात. स्वमग्न मुलांमधील संयुक्त अवधानाचा पुढील भाषाविकासाशीही संबंध आढळल्यामुळे ते उपचारांचे एक उद्दिष्ट बनले.

मर्यादा

ही मापनी निदानाचे साधन नाही. निदानासाठी पालकांची मुलाखत, विकासाचा इतिहास, श्रवणतपासणी आणि तज्ज्ञांचे निरीक्षण आवश्यक असते. थकवा, भूक किंवा अनोळखी व्यक्तीची भीती यांमुळे मुलाची क्षमता एका सत्रात पूर्णपणे प्रकट होत नाही. बहुतांश कृती दृष्टीवर आधारलेल्या असल्याने दृष्टिदोष असलेल्या मुलांना ती जशीच्या तशी लागू करता येत नाही. गुणांकनासाठी प्रशिक्षित निरीक्षकांची गरज असते.