‘तडीपार’ : एका अल्बमचा आणि एका जुन्या फडाचा इतिहास

ओहोटी लागली की मोरा बंदरात गाळामुळे लाँच सुटत नाही. भाऊच्या धक्क्याला निघालेली माणसं मग जेट्टीवरच ताटकळतात. अशाच एका खोळंब्यात माझ्या सतरा वर्षांच्या भाच्यानं कानातला एक इअरफोन काढून माझ्या हातात दिला. “मामू, हे ऐका. पुण्याचा आहे. आपलाच आहे.”

गाणं एमसी स्टॅनचं होतं आणि अल्बमचं नाव ‘तडीपार’. आदल्याच दिवशी बहिणीनं तक्रार केली होती, “भाई, हा दिवसभर शिव्यांची गाणी ऐकतो. तू तरी समजाव त्याला.” समजावण्याआधी ऐकून तर घेऊ, असं ठरवलं. त्या ऐकण्यातून हा लेख निघाला.

सुरुवात अल्बमच्या नावापासूनच करू. ‘तडीपार’ हा शब्द इंग्रजी रॅपमधून आलेला नाही, तो आपल्या पोलीस ठाण्यातला आहे. १९५१च्या मुंबई पोलीस कायद्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात, कलम ५५ ते ५७ खाली एखाद्याला जिल्ह्याबाहेर काढता येतं. मुदत दोन वर्षांपर्यंत असू शकते. कलम ५६ खाली तर न्यायालयानं दोषी ठरवलेलं असण्याचीही गरज नसते. साक्षीदार उघडपणे पुढे यायला घाबरतात, असं अधिकाऱ्याचं मत झालं तरी आदेश निघू शकतो. हा शब्द सुशिक्षित मराठी माणूस वर्तमानपत्रात वाचतो, वस्तीतला मुलगा मात्र तो दारात ऐकतो. विशीतल्या एका पोरानं २०२० साली तोच शब्द अल्बमवर लावला आणि लाखो पोरांना तो आपला वाटला. असं का झालं, याचा विचार व्हायला हवा.

एमसी स्टॅनचं खरं नाव अल्ताफ. जन्म १९९९चा, पुण्यातला. रेल्वे स्टेशनजवळच्या ताडीवाला रोडच्या वस्तीत तो वाढला आणि रॅपकडे वळण्याआधी लहानपणी कव्वाली गात असे. ‘तडीपार’नंतर २०२२ मध्ये ‘इन्सान’ हा अल्बम आला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ‘बिग बॉस’चा सोळावा हंगाम जिंकला. पुढच्याच महिन्यात इंदूरचा त्याचा कार्यक्रम गाण्यांतल्या शिव्यांच्या मुद्द्यावरून आंदोलकांनी बंद पाडला. एकाच वर्षी डोक्यावर घेणं आणि मंचावरून उतरवणं, दोन्ही त्याच्या वाट्याला आलं.

त्याच्या आधी मुंबईनं वाट मोकळी करून ठेवली होती. २०१४ मध्ये कुर्ल्याच्या नेझीनं, म्हणजे नावेद शेखनं, आयपॅडवर ‘आफत’ बनवलं. २०१५ मध्ये डिवाइनबरोबर त्याचं ‘मेरे गली में’ आलं. २०१९ मध्ये झोया अख्तरचा ‘गली बॉय’ बर्लिनला दाखवला गेला. तोवर रॅप म्हणजे मुंबई, हे समीकरण पक्कं झालं होतं. पुण्याचा हा पोरगा त्या नकाशाबाहेरचा होता.

अमेरिकेतही नेमकं हेच घडलं होतं. १९७३च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कच्या मेजवानीतून हिपहॉप जन्मलं, असं मानतात. पुढे वीसेक वर्षं न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस हीच त्याची दोन दारं होती. दक्षिणेकडच्या राज्यांतले रॅपर म्हणजे गावंढळ, असं समजलं जाई. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या आउटकास्टचं नाव जाहीर झालं तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्याच जोडीच्या अल्बमला २००४ मध्ये ‘वर्षातला सर्वोत्तम अल्बम’ म्हणून ग्रॅमी मिळाला. ह्यूस्टनच्या स्कारफेसचा ‘द अनटचेबल’ १९९७ मध्ये अमेरिकेच्या अल्बम-यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. या स्कारफेसनं पुढे इस्लाम स्वीकारला. न्यूयॉर्कचा मॉस डेफ तर आपले अल्बम ‘बिस्मिल्लाह’नं सुरू करायचा. दक्षिणेतल्या त्या पोरांनी आपला हेल बदलला नाही, तो हेलच विकला गेला. स्टॅनची बोलीही तशीच. दखनी वळणाची, पुण्याच्या गल्लीतली. त्याच्या तोंडचा ‘शेमडी’ देशभर पसरला, पण तो आपल्या ‘शेंबड्या’चाच भाऊबंद आहे, हे दिल्लीच्या पोरांना कुठं ठाऊक?

आता “आपलाच आहे” या भाच्याच्या शब्दांकडे येतो. एमसी स्टॅन आणि मुंबईचा एमिवे बंटाय, म्हणजे बिलाल शेख, यांच्यात गाण्यांतून जुंपली होती. एकानं गाणं सोडायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं आणि पब्लिकनं निकाल लावायचा. पोरांना वाटतं, ही अमेरिकेची देणगी. पण महाराष्ट्रात कलगी-तुऱ्याचे फड रात्र-रात्र याच रीतीनं रंगत आले. सवाल टाकायचा, जवाब द्यायचा, समोरच्याला निरुत्तर करायचं. या परंपरेची आख्यायिका तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर या दोघांपासून सुरू होते. एकाला तुरा मिळाला, दुसऱ्याला कलगी. म्हणजे मराठी फडाच्या मुळाशीच एक फकीर बसलेला आहे. उत्तर पेशवाईतला सगनभाऊ मुसलमान शिकलगार होता. पोट हत्यारांना धार लावण्यावर, नाव लावणीवर. बार्शीचे महेबूब हुसेन पटेल म्हणजेच शाहीर अमर शेख. अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांसोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानं गाजवली.

या माणसांना त्यांच्या हयातीत प्रतिष्ठितांनी सहज जवळ केलं नाही. लावणी बराच काळ चारचौघांत नाव काढू नये अशी मानली गेली. आज तिच्यावर प्रबंध लिहिले जातात.

म्हणून स्टॅनचं सगळं माफ, असं मी म्हणत नाही. बाईविषयी तो आणि त्याचे समकालीन ज्या भाषेत बोलतात, ती मला माझ्या बहिणीसमोर ऐकता येत नाही. सोन्याच्या साखळ्यांचा दिमाखही खटकतो. अमर शेखांच्या आवाजामागे संघटना होती, गिरणी कामगार होता. स्टॅनच्या मागे कंपनी आहे आणि मोबाइलवरचे आकडे आहेत. हा फरक पुसता येत नाही. पण शिव्या मोजताना तो काय सांगतोय ते आपण ऐकतच नाही, हेही खरं. संशय, पोलीस, बेकारी आणि आईची काळजी या गोष्टी आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांनी आपल्याला घरी कधी सांगितल्या नाहीत. त्यांनी त्या माइकला सांगितल्या.

आपल्या शाहिरांची बाडं माळ्यावर वाळवीनं खाल्ली. ती जपावीत असं घरातल्या कुणालाच वाटलं नाही, कारण गाणंबजावणं ही घराण्याच्या अब्रूला न शोभणारी गोष्ट होती. तीच चूक आपण मोबाइलच्या काळात पुन्हा करतोय.

भरती आली, लाँच लागली. भाच्यानं भीतभीत वहीचं एक पान दाखवलं. त्यात त्याच्या स्वतःच्या ओळी होत्या, अर्ध्या हिंदीत, अर्ध्या आमच्या उरणच्या बोलीत. एक शिवी मी खोडायला लावली आणि खाली तारीख घालायला सांगितली. बहिणीला काय सांगायचं, ते मात्र धक्का येईपर्यंत सुचलं नाही.