दागिना, उजेड आणि छायाचित्र

जुना दागिना मोडीत घातला म्हणजे सोनार सोने तोलतो, घट वजा करतो आणि उरलेल्या सोन्याचे मोल आपल्या हाती ठेवतो. घडणावळीचे मोल मात्र कोणी परत देत नाही. ठुशी आटवून साखळी केली तर सोने घरातच राहते. नाहीसा होतो तो घाट. आणि ज्याने ती ठुशी ओवली त्याचे नाव बहुधा कोठेच कोरलेले नसल्यामुळे घाटाबरोबर त्याच्या हाताची ओळखही पुसली जाते. हा घाट जपण्याचे एक साधन म्हणजे छायाचित्र. ते आज घरोघरी पोहोचले आहे. पण तेथवर येण्याची वाट सरळ नव्हती. तीच आपण येथे थोडक्यात पाहू.

वस्तूंची नोंद ठेवण्यास छायाचित्र उपयोगी पडेल, हा विचार या कलेइतकाच जुना आहे. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर याची आणि इंग्लंडमध्ये टॅलबट याची रीत जगापुढे आली. १८४४ पासून भागाभागांनी निघालेल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या आपल्या पुस्तकात टॅलबटने फळीवर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचे चित्र दिले आणि एक मार्मिक मुद्दा मांडला. अशा संग्रहाची यादी लिहीत बसण्यापेक्षा त्याचे चित्र घेणे सोयीचे. आणि उद्या चोराने वस्तू पळविल्या, तर हे मुके चित्र न्यायालयात साक्ष देऊ शकेल. दागिन्यांच्या बाबतीत हा मुद्दा किती लागू पडतो, हे सांगावयास नको.

परंतु दागिन्यापुढे ही नवी कला पहिल्याच पावली अडखळली. दागेरचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटे. म्हणजे चित्राचा पाया चांदीचाच. पण सोन्याचा रंग त्यात येईना. पुढे काचेचा जमाना आला, तरी तीच गत. त्या काळचे रासायनिक लेप मुख्यतः निळ्याजांभळ्या किरणांनाच जागे होत. पिवळे सोने आणि तांबडे माणिक यांच्याकडून येणारा प्रकाश त्यांना फारसा जाणवत नसे. चकाकीचा ठिपका पांढरा शुभ्र, आणि बाकीचे अंग काळपट! म्हणून कारागीर कुंचला घेऊन चित्रातील अंगठीवर, गळ्यातील साखळीवर सोनेरी रंग लावीत. आपल्याकडेही छायाचित्रावर रंग भरण्याची कला एकोणिसाव्या शतकात भरभराटीस आली होती. जुन्या चित्रात पणजीचे दागिने काळवंडलेले दिसले, तर दोष सोन्याचा असेलच असे नाही. काच सोन्याला आंधळी होती, हेही त्याचे कारण असू शकते.

हे आंधळेपण हळूहळू दूर झाले. १८७३ साली जर्मनीत फोगेल याला आढळले की, लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले असता तो हिरव्यापिवळ्या किरणांनाही प्रतिसाद देतो. १९०६ च्या सुमारास सर्व रंग जाणणाऱ्या काचा बाजारात आल्या. १९०७ साली ल्युमियेर बंधूंनी बटाट्याच्या पिठाचे कण नारिंगी, हिरव्या व जांभळ्या रंगांत रंगवून त्यांची चाळणी काचेवर पसरली आणि तीतून रंगीत चित्र काढले. १९३५ नंतर रंगीत फिल्म आली. तथापि घरच्या माणसाला दागिना टिपणे अवघडच राहिले. साध्या कॅमेऱ्याला इतक्या जवळचे दिसत नसे. दिव्याच्या उजेडात रंग पिवळट येई. आणि चूक कळे ती फिल्म धुऊन आल्यावर.

पुढील पाऊल विद्युत्शास्त्राने टाकले. १९६९ साली अमेरिकेत बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी हे प्रकाशाची विद्युत् नोंद करू शकणारे साधन कल्पिले. १९७५ साली कोडॅकमधील सॅसन याने त्यावर पहिला अंकीय कॅमेरा जुळविला. त्याचे चित्र काळेपांढरे, अवघ्या १०,००० ठिपक्यांचे, आणि ते कॅसेटवर उतरण्यास २३ सेकंद लागत. २१ पानांचा कोल्हापुरी साज त्यापुढे धरला असता, तर एकेका पानाच्या वाट्यास ५०० ठिपकेही आले नसते. त्यावरील मासा कोणता नि कासव कोणते, हे ओळखणे कठीणच. त्याच कंपनीतील बेयर याच्या तांबड्या-हिरव्या-निळ्या चाळणीला १९७६ साली एकस्व मिळाले. ल्युमियेर बंधूंच्या पिठाच्या कणांचीच ही एका अर्थाने नवी आवृत्ती! १९९५ साली कॅसिओने पाठीवर पडदा असलेला कॅमेरा विक्रीस आणला. घेतलेले चित्र लगेच पाहता येऊ लागले, आणि घरगुती कारागिराच्या दृष्टीने हीच खरी क्रांती होती.

कारण दागिन्याची एक अडचण यंत्राने सुटत नाही. घासूनपुसून लख्ख केलेला धातू म्हणजे आरसा. तो स्वतःला दाखवीत नाही. खिडकी, दिवा आणि कॅमेरा धरलेला माणूस यांना दाखवितो. म्हणून दागिना उजळण्यापेक्षा त्याच्या भोवतीचे जग उजळावे लागते. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशी त्याभोवती मलमलीचा किंवा ट्रेसिंग कागदाचा लहानसा तंबू करावा आणि भोकातून भिंग डोकवावे. चहूकडे पांढरेच झाले की चांदी चुन्यासारखी सपाट दिसते. तेव्हा शेजारी काळ्या कागदाची पट्टी ठेवावी, म्हणजे कडा उठून येतात. घरातील दिवे मालवावेत, कारण दोन रंगांचे उजेड एकाच दुरुस्तीने ताळ्यावर येत नाहीत. जवळून घेताना नथीचे पुढचे मोती स्पष्ट आणि मागचा फासा धूसर होतो. म्हणून भिंगाचे छिद्र लहान करावे, आणि उघडझाप मंदावते म्हणून कॅमेरा तिवईवर ठेवावा. पांढऱ्या पार्श्वभूमीला यंत्र करडी करू पाहते, तेव्हा प्रकाश थोडा वाढवावा.

आज घरी बसून दागिने घडविणाऱ्या कितीतरी स्त्रीपुरुषांची उपजीविका अशा चित्रांवर चालते. ग्राहक वस्तू हाताळत नाही, चित्रावर विश्वासतो. म्हणून रंग खुलविण्याच्या नादात पितळेला सोन्याची झळाळी देणे, ही केवळ हौस नव्हे, ती फसवणूक होय. टॅलबटने साक्षीदार म्हटले होते, आणि साक्षीदाराने खोटे बोलू नये.

विक्रीच्या चित्राबरोबर नोंदीचेही एक चित्र घ्यावे: शेजारी मोजपट्टी, एकदा दर्शनी बाजू, एकदा पाठ, एकदा फासा. वजन आणि कस चित्रात दिसत नाहीत. ते लिहून ठेवावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घडविणाऱ्याचे नाव लिहावे, आणि या नोंदीच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. सोने पुन्हा आटेल, ती त्याची रीतच आहे. पण ज्या हातांनी त्याला रूप दिले ते हात पुढच्या पिढीला ठाऊक असावेत, एवढे काम आता आपल्या घरच्या खिडकीशी होऊ शकते.