मालेगावचे मोमीन आणि मराठी लुगडे

'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न मालेगावच्या मोमीन माणसाला महाराष्ट्रात कुठेही गेले तरी विचारला जातो. 'मालेगावचा' असे उत्तर दिले, की विचारणारा क्षणभर थांबतो आणि पुन्हा म्हणतो, 'ते झाले हो, पण मूळचे?' बहुधा हा प्रश्न सहज, आपुलकीनेच विचारलेला असतो. तरीही पाच-सहा पिढ्या मोसम नदीच्या काठी वाढलेल्या माणसाने त्याचे काय उत्तर द्यावे? माझ्या आजोबांपाशी एक उत्तर होते. ते म्हणत, 'बोल उनको, तुम्हारी दादी का लुगडा हमने बुना है.' लहानपणी मला ती विणकराची बढाई वाटे. पुढे इतिहास वाचू लागलो, तेव्हा कळले की मालेगावच्या मोमिनांचा सारा इतिहास या एका वाक्यात आला आहे.

मालेगाव हे मुळातच येण्या-जाण्याच्या वाटेवरचे गाव. मुंबई-आग्रा रस्ता येथून जातो. नारोशंकर राजेबहाद्दरांनी अठराव्या शतकात येथे भुईकोट किल्ला बांधला. त्याच्या बांधकामासाठी दूरदूरचे कारागीर आले आणि त्यांतले काही येथेच राहिले, असे सांगितले जाते. १८१८ साली इंग्रजांनी या किल्ल्याला वेढा दिला, तेव्हा त्यांच्याशी निकराने लढली ती अरब शिबंदी. म्हणजे उत्तरेकडचे विणकर येण्यापूर्वीही या गावाला बाहेरून आलेली माणसे नवी नव्हती. दखनी मुसलमानही येथे पूर्वापार राहत होते.

मोमिनांची वस्ती वाढली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मऊ, मुबारकपूर, आझमगढ, बनारस, अलाहाबाद या पट्ट्यातली ही विणकर कुटुंबे. ती का आली? आमच्या समाजात याचे एकच उत्तर दिले जाते - १८५७. बंड फसले, इंग्रजांनी सूड उगवला, गावे सोडून लोक दक्षिणेकडे निघाले. यात तथ्य आहेच. अवध आणि पूर्वांचलात बंडानंतर झालेली दडपशाही इतिहासाला ठाऊक आहे. पण केवळ तेवढ्याने स्थलांतराचा उलगडा होत नाही. लँकेशायरच्या गिरण्यांचे स्वस्त कापड बाजारात येऊन उत्तरेकडच्या विणकराचा धंदा आधीच खिळखिळा झाला होता. १८६०-६१ साली वायव्य प्रांतात दुष्काळ पडला. लगोलग अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस महागला आणि सूत घेऊन विणणाऱ्याचे कंबरडे मोडले. बंडाचे वारस म्हणवून घेणे अभिमानाचे असते आणि भुकेपोटी आलो हे सांगताना जीभ अडखळते. पण भुकेपोटी गाव सोडण्यात कमीपणा कसला? लेकराबाळांना जगवण्यासाठी चालत सुटलेल्या माणसाचाही इतिहास असतो आणि तो लिहिला गेला पाहिजे.

मग हे लोक खानदेशच्या या टोकालाच का थांबले? उत्तरेतला विणकर ज्या युद्धाने बुडाला, त्याच युद्धाने खानदेश-वऱ्हाडच्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती काही वर्षे रोकड पैसा खेळवला. पैसा आला म्हणजे घरात कापड आले आणि कापड म्हणजे प्रामुख्याने बायकांची लुगडी. नऊवार लुगडे ही गिरणीला सहजी न जमणारी गोष्ट होती. गिरणीला एकाच नमुन्याचे लांबच लांब ठाण हवे असते. लुगड्याचा काठ वेगळा, अंग वेगळे, पदर वेगळा. शिवाय दर चार-दोन तालुक्यांना आवड बदलते. धोतराच्या बाजारात गिरणीने हातमागाला मागे रेटले, पण लुगड्याच्या बाजारात हातमाग पुढे कैक वर्षे टिकून राहिला. डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातल्या विणकर-शहरांच्या अभ्यासात हा मुद्दा विस्ताराने मांडला आहे. मालेगाव, धुळे, भिवंडी, बऱ्हाणपूर या गावी विणकर आले ते या बाजाराच्या ओढीने.

येण्याची रीत सर्वत्र सारखीच होती. आधी घरातला एखादा कर्ता पुरुष येई, कोणाच्या तरी मागावर मजुरी करी, मग भाऊबंदांना सांगावा धाडी. जबलपूरमार्गे मुंबई-अलाहाबाद लोहमार्ग जोडला गेला तो १८७० साली. त्याआधी आलेल्यांना आग्रा रस्त्याने पायी किंवा बैलगाडीनेच यावे लागले असणार. आगगाडी झाल्यावर मनमाडला उतरून मालेगाव गाठणे सोपे झाले. हातमागाचा धंदा एकट्याचा नसतो. पुरुष मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसे, बायका कांड्या भरत, म्हातारी माणसे सूत उकलत, मुले हाताशी असत. म्हणून बिऱ्हाड आल्यावाचून धंदा उभा राहत नव्हता आणि बिऱ्हाड आले की परतीची वाट आपोआप लांबत जाई. मालेगावात मोमीन एकेकटे रोजगारी म्हणून फार काळ राहिले नाहीत, कुटुंबाने राहिले, याचे कारण हा धंदाच होय.

आता थोडा विचार करा. जो विणकर पूरबी बोली बोलतो, ज्याच्या घरातल्या बायका कधी नऊवार नेसल्या नाहीत, त्याला लुगडे विणायचे आहे. लुगडे कासोटा घालून नेसतात, तेव्हा काठ कुठे दिसतो? तो किती रुंद असला म्हणजे निऱ्यांत शोभतो? हिरवा रंग कोणत्या प्रसंगाचा, काळी चंद्रकळा कोणाला आवडते, शेतात राबणाऱ्या बाईला किती जाड पोत लागतो, लग्नसराईच्या आधी कोणता माल तयार हवा, हे सारे त्याला शिकावे लागले. मराठी बाईचे वर्ष, तिचे सण, तिची हौस आणि तिची ऐपत त्याच्या मागावर आली. माझी दादी शेवटपर्यंत धड मराठी बोलू शकली नाही, पण कोणत्या गावच्या बाजाराला कोणता काठ चालतो हे ती बसल्या जागी सांगे. धोट्याला आमच्या घरात धोटाच म्हणत. तो शब्द मराठी आहे हे मला शाळेत गेल्यावर कळले.

हे सामावणे गोडीगुलाबीने झाले असे मात्र नाही. साळी-कोष्टी हे या मुलखातले जुने विणकर. त्यांच्या बाजारात नवा वाटेकरी आला, त्याने कमी मजुरीत काम केले, तेव्हा कुरबुरी झाल्या असणारच. सूत उधार देणारा आणि माल उचलणारा व्यापारी भाव पाडी, त्या वेळी मोमीन आणि साळी एकाच नावेत असत. मुसलमानांतही सारे आलबेल नव्हते. दखनी आणि मोमीन यांच्यात रोटीव्यवहार असला, तरी बेटीव्यवहाराला पुष्कळ काळ लागला. 'जुलाहा' हा शब्द उत्तरेत हिणवण्यासाठी वापरला जाई. ते नाव टाकून लोकांनी 'मोमीन' आणि 'अन्सारी' ही नावे लावली. इस्लाममध्ये जात नाही असे आपण म्हणतो, पण हे नामांतर का करावे लागले याचे उत्तर आपण क्वचितच देतो.

राजकारणातही हे लोक लवकरच या मातीचे झाले. खिलाफत चळवळीच्या काळात, एप्रिल १९२१ मध्ये, मालेगावात मोठी दंगल झाली. तीत एक पोलीस अधिकारी मारला गेला आणि पुढे काही जणांना येरवड्यात फाशी झाली. गांधीजींनी या हिंसेचा निषेध केला होता. शहरात मात्र फाशी गेलेल्यांची आठवण शहीद म्हणून जपली जाते. या दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. स्वातंत्र्यानंतर समाजवादी चळवळीतले निहाल अहमद येथून वारंवार विधानसभेवर निवडून गेले आणि विरोधी पक्षनेतेही झाले.

१९३५च्या सुमारास मालेगावात यंत्रमाग आला. सुरुवातीला यंत्रमागावरही रंगीत साड्याच निघत. पुढे चित्र पालटले. खेड्यापाड्यांतल्या मुली पाचवारीकडे वळल्या, कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. १९८५च्या कायद्याने काही प्रकारच्या साड्या हातमागासाठी राखून ठेवल्या. हळूहळू मालेगावचा माग कोऱ्या कापडाकडे वळला. हे कापड पाली-बालोत्रासारख्या दूरच्या गावी रंगायला जाते आणि कोण वापरते हे विणणाऱ्याला ठाऊक नसते.

धंद्याच्या दृष्टीने हा बदल अटळ असेल. पण त्याने काय तुटले याकडे आपले लक्ष गेलेले नाही. लुगडे होते तोवर मोसमच्या अलीकडचा मोमीन आणि पलीकडची, खेड्यावरची मराठी बाई यांच्यात एक नाते होते. ते ठरवून जोडलेले नव्हते, रोजच्या गरजेचे होते. ते संपले तेव्हा त्याच्या जागी दुसरे काही उभे राहिले नाही. नदीच्या पूर्वेला बहुतांश मुसलमान आणि पश्चिमेला कॅम्प-संगमेश्वरची हिंदू वस्ती ही विभागणी अधिकच ठळक झाली. दंगली झाल्या, २००६ आणि २००८ साली बॉम्बस्फोट झाले आणि बाहेरच्या जगाला मालेगाव तेवढ्यापुरतेच ठाऊक झाले.

दोष एका बाजूचा नाही. उर्दू शाळांनी आमच्या समाजाला अक्षरओळख दिली, मुली शिकल्या, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण मराठी हा आम्ही फक्त पास होण्याचा विषय मानला. आमच्या आजोबांना पोटासाठी मराठी घरातली आवडनिवड समजून घ्यावी लागली, आम्हांला मराठी पुस्तक उघडण्याचीही गरज वाटली नाही. दुसऱ्या बाजूने, मराठी वस्त्रपरंपरेचे गोडवे गाणाऱ्या लेखांतून पैठणी येते, इरकल येते, मालेगावचे लुगडे विणणारा मोमीन सहसा येत नाही. कष्टकरी बायकांच्या अंगावरचे ते साधे वस्त्र होते, ते कोण जपून ठेवणार?

आजोबांचा खड्डामाग मोडीत निघाला त्याला पुष्कळ वर्षे झाली. त्यांनी विणलेले एक लुगडे मात्र आमच्या पेटीत आहे. ते नेसणारे आमच्या घरात कोणी नव्हते, तरी दादीने ते जपले. मागे एकदा खेड्यावरच्या एका मित्राची आई घरी आली, तेव्हा मी ते तिला दाखवले. तिने काठावरून हात फिरवला आणि म्हणाली, 'अरे, अस्संच माझ्या सासूबाईंचं होतं.' तिने मला मूळ गाव विचारले नाही.