कणखर कृष्णवर्णीय स्त्री : एक प्रतिमा व तिचा त्याग

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्री कितीही सोसू शकते, ती खचत नाही, तिला कुणाचा आधार लागत नाही, अशी रूढ समजूत आहे. या समजुतीचे ओझे उतरवून ठेवण्याचा प्रयत्न तेथील स्त्रियांनी चालवला आहे.

या समजुतीची मुळे गुलामगिरीत आहेत. पुरुषांच्या बरोबरीने शेतात राबणाऱ्या, पोटची मुले विकली जाताना पाहणाऱ्या बाईला वेदनाच कमी होतात, असे मानणे मालकांच्या सोयीचे होते. अलाबामातील माँटगोमेरी येथे 1840 च्या दशकात जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने अनार्का, बेट्सी, लुसी आणि इतर गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. एकट्या अनार्कावर सुमारे 30 शस्त्रक्रिया झाल्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा 2018 पर्यंत उभा होता.

पुढे घर, चर्च आणि चळवळ पेलणाऱ्या आया-आज्यांचा गौरव म्हणून कृष्णवर्णीय समाजानेही हा कणखरपणा अभिमानाने मिरवला. तो अभिमान खराच होता, म्हणूनच त्याविरुद्ध बोलणे जड गेले. लेखिका मिशेल वॉलेस यांनी 1979 मध्ये पुस्तक लिहून या प्रतिमेला हात घातला, तेव्हा स्वकीयांनीच त्यांना धारेवर धरले.

1983 मध्ये आरोग्य-कार्यकर्त्या बिली एव्हरी यांच्या पुढाकाराने अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्यावर राष्ट्रीय परिषद भरली. तिथे लिली ॲलन यांच्या सत्रात बायका मारहाण, अत्याचार, थकवा यांविषयी चारचौघींत बोलल्या. त्यातून गावोगावी स्वमदत गट निघाले. तिथे एकीने बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. औषधापूर्वी याचीच गरज होती, हे एव्हरी यांनी नेमके ओळखले.

परिचर्या-संशोधक शेरिल वुड्स-गिस्कोम्बे यांनी 2010 मध्ये स्त्रियांशी गटचर्चा करून कणखर असण्याच्या या दडपणाचे घटक मांडले : खंबीर दिसण्याची सक्ती, भावना दाबणे, कुणावर विसंबायला नकार, तुटपुंज्या साधनांतही यशाची धडपड, आधी इतरांचे करणे. झोप उडणे आणि दुखणे अंगावर काढणे ही त्याची किंमत. अटलांटातच 2016 मध्ये ट्रिशा हर्सी यांनी विश्रांती हाच प्रतिकार मानणारा उपक्रम सुरू केला; टोकियो ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स यांनी मानसिक आरोग्य जपण्यासाठी सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली.

मात्र बाईने ‘मला त्रास होतोय’ म्हटल्यावर समोरच्याने ते मानलेही पाहिजे. 2017 मध्ये प्रसूतीनंतर टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांना श्वास लागला. पूर्वी फुफ्फुसांत रक्ताच्या गाठी झाल्याने त्यांनी स्वतःच सीटी स्कॅन आणि रक्त पातळ करणारे औषध मागितले. वेदनाशामकाने त्यांचा गोंधळ उडाला असावा, असे परिचारिकेला वाटले. आधी पायांची सोनोग्राफी झाली, तीत काही आढळले नाही. नंतरच्या स्कॅनमध्ये फुफ्फुसांत गाठी दिसल्या. जगप्रसिद्ध खेळाडूची ही गत, तर इतरांचे काय होत असेल? 2021 मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीय मातांच्या मृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे 69.9 होते. गोऱ्या मातांमध्ये हे प्रमाण 26.6 होते.