शर्यतीची गाडी, नोकरीची वाट : अमेरिकेतील जुन्या ‘मसल कार’चा हिशोब

#थ्रेड

२५ नोव्हेंबर १९७३, रविवारची संध्याकाळ. अध्यक्ष रिचर्ड निक्सन दूरचित्रवाणीवरून अमेरिकन जनतेशी बोलत होते. शनिवारी रात्री ९ पासून रविवारच्या मध्यरात्रीपर्यंत पेट्रोलपंपांनी विक्री बंद ठेवावी, अशी त्यांची विनंती होती. हे भाषण ऐकणाऱ्यांत एक वर्ग असा होता, ज्याच्या दाराशी सहा-सात लिटरचे इंजिन असलेली, दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने घेतलेली, पण एके काळी वेगासाठी गाजलेली गाडी उभी होती. सोमवारी सकाळी तिच्यातूनच कामावर जायचे होते. या वर्गाचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. गाडीचा मात्र पुष्कळ लिहिला गेला आहे.

प्रथम गाडीविषयी. १९६३ च्या प्रारंभी जनरल मोटर्सने आपल्या सर्व विभागांना शर्यतींपासून दूर राहण्याचा आदेश दिला. मध्यम आकाराच्या गाड्यांत किती मोठे इंजिन बसवावे, यावरही कंपनीने मर्यादा घातली होती. पाँटिअ‍ॅक विभागाचे मुख्य अभियंते जॉन डिलोरिअन आणि त्यांचे सहकारी यांनी यातून पळवाट शोधली. मर्यादा गाडीच्या मूळ मॉडेलला होती, ग्राहकाने जादा पैसे देऊन घेतलेल्या ‘पर्याया’ला नव्हती. मग टेंपेस्ट ल मान्स या साध्यासुध्या गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, ३२५ अश्वशक्तीचे इंजिन पर्याय म्हणून बसवण्यात आले. नाव ठेवले ‘जीटीओ’, तेही फेरारीकडून बिनदिक्कत उचललेले. साधारण पाच हजार गाड्या खपतील अशी अपेक्षा होती. १९६४ च्या पहिल्याच हंगामात बत्तीस हजारांहून अधिक खपल्या.

हे यश केवळ इंजिनाचे नव्हते, लोकसंख्येचेही होते. महायुद्धानंतर १९४६ पासून जन्मलेली प्रचंड पिढी १९६४ मध्ये अठरा वर्षांची होत होती. तिच्या हाती पगार होता, हप्त्याने कर्ज मिळत होते आणि १९५६ च्या कायद्याने बांधायला घेतलेले आंतरराज्य महामार्ग समोर पसरले होते. व्हिएतनामहून परतलेल्या अनेक तरुण सैनिकांनीही साठलेल्या पगारातून अशी गाडी घेतली. १९६८ ची प्लिमथ रोड रनर तर या पिढीचा खिसा पाहूनच आखली होती. ६.३ लिटरचे इंजिन, आत चैनीची एकही वस्तू नाही आणि किंमत २,८९६ डॉलरपासून पुढे.

पण गाडी घेणे आणि गाडी पोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोसण्याचा भार पहिल्या मालकापेक्षा दुसऱ्यावर अधिक पडतो, हा या कथेचा गाभा आहे. पहिला मालक गाडी नवी असताना वापरतो, दोन-तीन वर्षांत विकतो. विकताना किंमत निम्म्यावर आलेली असते, पण इंजिन तेवढेच खादाड राहते. शिवाय क्लच झिजलेला, मागचे टायर गुळगुळीत झालेले, आणि मालक शनिवारी रात्री सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती लावत होता की नाही, हे फक्त त्यालाच ठाऊक.

नेमक्या याच अज्ञानावर १९७० मध्ये जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या तरुण अर्थशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता जुन्या गाड्यांचा बाजार. खराब निघालेल्या गाडीला अमेरिकन बोलीत ‘लिंबू’ म्हणतात. विक्रेत्याला लिंबू ओळखता येते, ग्राहकाला येत नाही. म्हणून ग्राहक प्रत्येक गाडीला सरासरीच भाव देऊ करतो, चांगल्या गाडीचा मालक त्या भावात विकायला तयार होत नाही, आणि बाजारात लिंबेच उरतात. तीन नियतकालिकांनी हा निबंध नाकारला होता. २००१ मध्ये त्याच कामासाठी अ‍ॅकरलॉफ यांना नोबेल मिळाले. शर्यतीत पिळून काढलेल्या गाडीला हा सिद्धांत जितका लागू पडतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल.

सरकारलाही हे कळत होते. ऑक्टोबर १९७२ च्या केंद्रीय कायद्याने गाडीचा ओडोमीटर मागे फिरवणे हा गुन्हा ठरवला आणि विक्रीच्या वेळी गाडी किती मैल चालली आहे हे लेखी सांगणे बंधनकारक केले. तोवर जुन्या गाडीच्या तबकडीवरील आकडा हा बहुतांशी विश्वासाचा मामला होता.

आता विम्याकडे वळू. तेलसंकटाने मसल कार संपवली, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. पहिला घाव विमा कंपन्यांचा होता आणि तो १९७३ च्या बराच आधी बसला. साठच्या दशकाच्या अखेरीस या कंपन्या गाडीचे वजन आणि अश्वशक्ती यांचे गुणोत्तर पाहू लागल्या. दर अश्वशक्तीमागे वजन जितके कमी, तितका हप्ता जास्त. त्यात चालक पंचविशीच्या आतला, अविवाहित आणि पुरुष असेल तर आणखी जास्त. काहींना तर विमा साफ नाकारला जाई.

यात जुन्या गाडीच्या मालकाची कोंडी विशेष होती. विम्याचे ढोबळ दोन भाग असतात : एक स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, दुसरा आपल्यामुळे इतरांच्या झालेल्या हानीचा. गाडी जुनी होऊन स्वस्त झाली की पहिल्या भागाचा हप्ता घटतो. तो भाग सोडूनही देता येतो, अर्थात कर्ज फिटलेले असेल तर. दुसरा भाग मात्र गाडीच्या किमतीवर ठरत नाही. तो ठरतो चालक कोण आणि गाडी किती वेगाने कुणाला धडकू शकते यावर. निम्म्या किमतीत घेतलेल्या गाडीलाही हा भाग पुरा भरावा लागे. मॅसॅच्युसेट्समध्ये १९२७ पासून आणि न्यूयॉर्क व नॉर्थ कॅरोलायनात १९५७ पासून विमा सक्तीचा होता. अन्य अनेक राज्यांत तेव्हा तशी सक्ती नव्हती. तिथे हप्ता परवडला नाही तर लोक विम्याविनाच गाडी हाकत. त्याची किंमत कधीतरी एखाद्या तिऱ्हाइताला चुकवावी लागे.

कारखानदारांनी यावर काढलेले उपाय गमतीदार आहेत. पहिला म्हणजे अश्वशक्ती कमी सांगणे. शेव्हरोले कॅमॅरो झेड/२८ ची अधिकृत शक्ती २९० होती. प्रत्यक्षात ती बरीच अधिक आहे, हे शर्यतवाल्यांना पक्के ठाऊक होते. दुसरा उपाय म्हणजे अवतार शर्यतीचा पण इंजिन मध्यम असलेल्या गाड्या काढणे. १९७० ची ओल्ड्समोबिल रॅली ३५० ही अशीच. बंपरापासून चाकांपर्यंत भडक पिवळी. विम्याच्या तक्त्यातून निसटावी, हा तिचा हेतू. खपल्या जेमतेम साडेतीन हजार. रंगच लोकांना सोसवला नाही, असे म्हणायला जागा आहे.

दुसरा घाव शिशाचा. या इंजिनांचे कॉम्प्रेशन दहास एक किंवा त्याहून अधिक असे. अशा इंजिनाला भारी ऑक्टेनचे, म्हणजे शिसे मिसळलेले महागडे प्रीमियम पेट्रोलच लागे. हलके घातले की इंजिन ठोके देऊ लागे. १९७० च्या शुद्ध हवा कायद्यानंतर चित्र पालटले. जनरल मोटर्सने १९७१ च्या मॉडेलपासूनच कॉम्प्रेशन उतरवले. १९७५ च्या बहुतेक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, आणि १ जुलै १९७४ पासून मोठ्या पंपांना शिसेविरहित पेट्रोल ठेवणे भाग पडले. नव्या गाडीच्या ग्राहकाची सोय झाली. ज्याच्याकडे १९६६ ची जीटीओ होती, त्याला मात्र हळूहळू दुर्मीळ आणि महाग होत जाणाऱ्या पेट्रोलसाठी पंप शोधत फिरावे लागले, नाहीतर गॅरेजमध्ये इग्निशनचे टायमिंग मागे घेऊन गाडीची ताकदच मारून घ्यावी लागली. म्हणजे जिच्यासाठी एवढा खर्च सोसला, तो वेगच गेला, खर्च राहिला.

आणि मग तेल. १७ ऑक्टोबर १९७३ रोजी अरब तेलउत्पादक देशांनी उत्पादन-कपातीचा निर्णय घेतला. काही दिवसांतच अमेरिकेवर तेलबंदी आली. तीनेक डॉलरचे पिंप १ जानेवारी १९७४ पर्यंत ११.६५ डॉलरवर गेले. पंपांवर रांगा लागल्या. ऑरेगनमध्ये गाडीच्या नंबरातील सम-विषम आकड्यांनुसार दिवस वाटून देण्यात आले. पंपांवर हिरवे, पिवळे, लाल झेंडे लावून पेट्रोल आहे की नाही हे दुरूनच कळवले जाऊ लागले. उभ्या गाडीतून पेट्रोल चोरले जाऊ नये म्हणून कुलपाची झाकणे खपू लागली. २ जानेवारी १९७४ रोजी निक्सन यांनी ताशी ५५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरच्या, राष्ट्रीय वेगमर्यादेच्या कायद्यावर सही केली.

आता रोजच्या प्रवासाचा हिशोब मांडून पाहू. समजा एक कामगार उपनगरात राहतो आणि कारखाना २४ किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन ४८, वर्षाचे २५० कामाचे दिवस धरले तर सुमारे १२ हजार किलोमीटर. शहरी रहदारीत अशी गाडी गॅलनला दहा मैल, म्हणजे लिटरला सव्वाचार किलोमीटर देते असे धरू. हा आकडा कठोर नाही, कारण १९७३ मध्ये साऱ्या अमेरिकन मोटारींची सरासरीच गॅलनला १३.४ मैल होती. म्हणजे वर्षाला ७५० गॅलन.

१९७२ मध्ये साध्या पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनला ३६ सेंट होता : वर्षाचे २७० डॉलर. १९७४ मध्ये ५३ सेंट : सुमारे ४०० डॉलर. इराणच्या क्रांतीनंतर, १९८० मध्ये, १ डॉलर १९ सेंट : जवळपास ८९० डॉलर. प्रीमियमचा भाव याहून वर.

डॉलरही दरम्यान आक्रसला होता, म्हणून हाच खर्च श्रमात मोजणे अधिक प्रामाणिक ठरेल. केंद्रीय किमान वेतन १९७२ मध्ये तासाला १.६० डॉलर होते. त्या दराने कामावर जाण्याच्या पेट्रोलसाठी १६९ तास राबावे लागे, म्हणजे चार आठवड्यांहून थोडे अधिक. १९७४ च्या मे महिन्यापर्यंत वेतन तेवढेच होते आणि पेट्रोल महागले होते; त्या दराने सहा आठवड्यांहून अधिक. १९८० मध्ये वेतन ३.१० डॉलर झाले, तरी पेट्रोलसाठी २८८ तास, म्हणजे सात आठवडे लागत. कामाला जाता यावे म्हणून वर्षातले सात आठवडे काम. शेजारच्याची फोक्सवॅगन बीटल गॅलनला २५ मैल देत असेल, तर त्याचे तीन आठवड्यांत भागे.

यात टायर, तेल, स्पार्क प्लग धरलेले नाहीत. मोठी इंजिने मोकळ्या रस्त्यासाठी घडवलेली. रांगेत रेंगाळताना त्यांच्या प्लगवर काजळी धरे. सुरुवातीच्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. दीड टनाहून जड गाडी रोजच्या रहदारीत थांबवून थांबवून ते तापत आणि पकड सैल होई. समोरचे डिस्क ब्रेक १९६७ पासून पर्याय म्हणून मिळू लागले, पण तो पर्याय घ्यायचा की नाही हे पहिल्या मालकाने ठरवलेले असे.

मग गाडी विकून का टाकली नाही? कारण १९७३-७४ च्या हिवाळ्यात मोठ्या इंजिनाच्या जुन्या गाड्यांचे भावच कोसळले. ज्याला ती परवडत नव्हती, त्याला ती विकणेही परवडत नव्हते. छोटी गाडी घ्यावी तर तिला मागणी प्रचंड आणि भाव चढे. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी गाडी बदलली. त्यांनी सोडलेल्या गाड्या उतरत उतरत अशा घरांत पोचल्या, ज्यांना खरेदीची किंमत जेमतेम परवडत होती. १९७५ च्या ऊर्जा कायद्याने नव्या गाड्यांच्या मायलेजला किमान सरासरी घालून दिली, १९८५ साठी गॅलनला २७.५ मैल, पण तो कायदा नव्या गाड्यांपुरता होता. तिसऱ्या मालकाला त्याचा लाभ मिळायला पुढची दहा वर्षे वाट पाहावी लागणार होती.

जीटीओ हे नाव १९७४ मध्ये एका लहान गाडीवर शेवटचे लागले, सात हजारांच्या आसपास विकली गेली आणि बंद झाली. मूळच्या हजारो गाड्या भंगारात गेल्या. कित्येक निव्वळ चालवणे परवडेना म्हणून शेडमध्ये ताडपत्रीखाली उभ्या राहिल्या.

ताडपत्रीखालच्या त्या गाड्याच पुढे मौल्यवान ठरल्या. २०१४ मध्ये अमेरिकेतील एका लिलावात १९७१ ची हेमी इंजिनाची, उघड्या टपाची प्लिमथ कुडा ३५ लाख डॉलरला गेली. अशा गाड्या त्या वर्षी बनल्याच मुळी डझनभर. महागडे इंजिन आणि त्यावरचा विमा यांमुळे ग्राहकच नव्हते. आज अशी गाडी लिलावाला बंद ट्रेलरमधून नेली जाते. तिच्या ओडोमीटरवरचा आकडा जितका कमी, तितका भाव जास्त.